नजरेच्या रेषेवरचा पाळणा

फ्लोरिडातल्या एपकॉट या डिस्नेच्या पार्कमध्ये एका मोठ्या तळ्याभोवती अकरा देशांची दालनं मांडलेली आहेत. पलीकडच्या काठावरून मोरोक्कोच्या दालनाकडे पाहिलं, की माराकेशच्या कुतुबिया मशिदीच्या मिनाराची प्रतिकृती दिसते, सपाट गच्च्या दिसतात आणि त्यांच्यामागे त्याच मातकट रंगाचा आणखी एक उंच वाडा दिसतो. पाहणाऱ्याला तो मोरोक्कोचाच भाग वाटतो, पण तो मोरोक्कोचा नाही. तो एपकॉटमध्येसुद्धा नाही. तो शेजारच्या दुसऱ्या पार्कमधला ‘टॉवर ऑफ टेरर’ आहे, लिफ्ट तुटून खाली कोसळल्याचा अनुभव देणारी राइड. उंची १९९ फूट, म्हणजे साधारण ६० मीटर. ती बांधताना हा उपरा मनोरा तळ्याकाठच्या देखाव्यात डोकावणार हे लक्षात आलं, म्हणून त्याचा रंग आणि छताची घडण मोरोक्कोच्या दालनाशी जुळवून घेतली गेली.

ही राइड जुलै १९९४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधल्या ऑल्टन टॉवर्स पार्कमध्ये ‘नेमेसिस’ हा रोलर कोस्टर सुरू झाला, आणि मे महिन्यात ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘बिग वन’. तिन्हींपुढे एकच प्रश्न होता: एवढी मोठी वस्तू उभी राहिली, तर आधीपासून दिसत असलेल्या देखाव्याचं काय करायचं? तिन्ही ठिकाणी उत्तर वेगळं निघालं. त्यातलं ऑल्टन टॉवर्सचं उत्तर मला सर्वांत सुंदर वाटतं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

ऑल्टन टॉवर्स हे मुळात एका सरदार घराण्याचं निवासस्थान. श्रूजबरीचे पंधरावे अर्ल चार्ल्स टॅलबट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या उघड्याबोडक्या दरीत बाग फुलवायला घेतली. कारंजं असलेला पॅगोडा, पायऱ्यापायऱ्यांचे वाफे, दरीच्या उतारावर लावलेली झाडी. त्यांच्या पुतण्याने पुढे त्यांचं स्मारक उभारलं आणि त्यावर ‘त्यांनी वाळवंटाला हसवलं’ अशा अर्थाचं वाक्य कोरलं. त्या वाड्याचे भग्नावशेष आणि ती बाग आज संरक्षित वारसा आहेत. १९८० मध्ये तिथे ‘कॉर्कस्क्रू’ हा उलटापालटा फिरवणारा कोस्टर आला आणि गर्दी लोटली. पण आजूबाजूला गावं आहेत, दरी आहे, शेती आहे. म्हणून नियोजनाची अट अशी, की नव्या राइडने झाडांच्या शेंड्यांच्या वर डोकं काढायचं नाही.

ही अट ऐकायला साधी आहे, पण झाडाची उंचीच मोजमाप म्हणून का घ्यावी? एक हिशेब करू. तुमचे डोळे जमिनीपासून १.६ मीटरवर आहेत आणि ३० मीटर अंतरावर १५ मीटर उंचीचं झाड आहे. डोळ्यापासून झाडाच्या शेंड्याला टेकून जाणारी सरळ रेषा काढा. ही नजरेची रेषा. तिच्या खाली जे आहे ते झाकलं जातं, वर जे आहे ते दिसतं. शाळेतल्या समरूप त्रिकोणांनी हे चटकन सुटतं: तुमच्यापासून १५० मीटरवर असलेली तब्बल ६८ मीटर उंचीची वस्तूही त्या एका झाडामागे पूर्ण लपते. मग आणखी ७० मीटर मागे या. झाड तेच, राइड त्याच जागी. आता झाडाआड जेमतेम ३१ मीटर लपतात. आणि समोरच्या टेकडीवर चढलात, तुमचे डोळे झाडाच्या शेंड्याच्या पातळीला आले, की रेषा आडवी होते. मग ते झाड फक्त स्वतःच्या उंचीएवढंच झाकू शकतं. त्याहून एक मीटर उंच गेलेलं सगळं उघडं.

दरीच्या मुलखात लोक समोरच्या उतारावरून पाहतात. तिथे झाडांचा आडोसा खरोखरच झाडांच्या उंचीपुरता असतो. सपाट जमिनीवर हीच अट अनाठायी कडक ठरली असती, इथे ती भूमितीला धरून आहे.

आता कोस्टरची अडचण पाहा. त्याचा वेग येतो उंचीवरून. डबे साखळीने वर ओढले जातात आणि पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. घर्षण सोडून दिलं, तर १३ मीटरवरून सुटलेला डबा खाली येईपर्यंत ताशी ५७ किलोमीटरचा वेग गाठतो. नेमेसिसची जमिनीवरची उंची एवढीच आहे, सुमारे १३ मीटर. तरीही तो ताशी ८० किलोमीटरच्या वर जातो. कारण रचनाकार जॉन वॉर्डली आणि बोलिगर अँड माबिलार्ड ही स्विस कंपनी यांनी उंची आकाशाकडे न शोधता जमिनीखाली शोधली. सुरुंग लावून खडक फोडले, खड्डा केला आणि रूळ त्यात उतरवले. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बिंदू यांच्यातलं अंतर ३१ मीटरच्या पुढे गेलं. गुरुत्वाकर्षणाला जमिनीची पातळी कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त वर आणि खाली यांतला फरक कळतो. चार वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच पार्कच्या ‘ऑब्लिव्हियन’ने हीच युक्ती टोकाला नेली: जमिनीवर २० मीटर उंची, पण डबा जवळजवळ सरळ खाली एका काळोख्या भोकात शिरतो आणि एकूण उतार होतो सुमारे ५५ मीटरचा.

इथे एक अनपेक्षित लाभ झाला, आणि मला या सगळ्या गोष्टीत तोच सर्वांत मोलाचा वाटतो. रेल्वेच्या खिडकीत बसलं की रुळालगतचे खांब सर्रकन मागे जातात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर चालत राहतो. बोरघाटातल्या बोगद्यात गाडी शिरली की ती एकदम पिसाटल्यासारखी वाटते, वेग तोच असला तरी. आपला मेंदू वेगमापक वाचत नाही. डोळ्यांसमोरून वस्तू किती झपाट्याने सरकतात यावरून तो वेग ठरवतो, आणि ते सरकणं अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतं. दोन मीटरवरची कातळभिंत वीस मीटरवरच्या झाडापेक्षा दहापट झपाट्याने मागे जाते. उघड्या आकाशात उंच उभ्या असलेल्या कोस्टरवर आजूबाजूला जवळ काहीच नसतं. नेमेसिस खडकांच्या कुशीतून, पाण्यावरून, बोगद्यातून जातो, पाय अधांतरी लोंबकळत असतात. शेजाऱ्यांच्या देखाव्यासाठी घातलेल्या अटीने बसणाऱ्याचा थरार वाढवला.

ब्लॅकपूलला अशी अट परवडली नसती आणि तिची गरजही नव्हती. ‘बिग वन’ ६५ मीटर उंच आहे. सपाट किनारा, समोर मोकळा समुद्र. पृथ्वीची वक्रता धरून हिशेब केला, तर समुद्रसपाटीला उभ्या असलेल्या माणसाला स्वच्छ हवेत त्याचा माथा ३० किलोमीटरहून जास्त अंतरावरून दिसायला हवा. पण त्या गावाची क्षितिजरेषा आधीपासूनच लोखंडाची आहे. १५८ मीटरचा ब्लॅकपूल टॉवर तिथे १८९४ पासून उभा आहे, म्हणजे बिग वनच्या बरोबर शंभर वर्षं आधी. लोक तिथे मनोरे आणि पाळणे पाहायलाच येतात. देखावा बिघडला की नाही हे नुसत्या मीटरांत ठरत नाही. त्या जागेचा देखावा आधी कशाचा होता, हे विचारावं लागतं.

मागे काय आहे यानेही खूप फरक पडतो. याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. खोपोलीजवळच्या इमॅजिकामधला ‘नायट्रो’ हा कोस्टर नेमेसिस घडवणाऱ्या कंपनीनेच बनवला, उंची सुमारे ४० मीटर. त्याच्या परिसरात सह्याद्रीचा कडा उभा आहे. समजा पाच किलोमीटरवरचा कडा आपल्यापेक्षा ५०० मीटर उंच आहे. मग तो क्षितिजापासून साधारण पावणेसहा अंश वर दिसतो. चाळीस मीटरच्या वस्तूला त्या कड्याच्या रेषेवर माथा काढायचा, तर तुम्ही तिच्या साधारण ३८० मीटर जवळ असायला हवं. त्याहून लांब गेलात की ती डोंगराच्या अंगावरच मावते. डोंगराची वरची रेषा सलग राहिली की डोळा बाकी बरंच सोसून घेतो. तीच रेषा तुटली, की नजर तिथेच अडकते.

कारण आपली दृष्टी वस्तूंच्या किनारी शोधते. उजळ आकाशासमोरची गडद उभी रेघ, हिरव्यावरचा लाल ठिपका, आणि सर्वांत आधी हालचाल. नजरेच्या काठावर बारकावे दिसत नाहीत, पण काही हललं तर लगेच कळतं. त्यामुळे उभा कोस्टर आणि धावता कोस्टर यांचा देखाव्यावरचा भार सारखा नसतो. दोन किलोमीटरवरची ६० मीटरची इमारत हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीहूनही कमी उंच दिसते. एवढी छोटी वस्तू रंगाने आणि आकाराने सहज मिसळवता येते, आणि टॉवर ऑफ टेररचं सोंग याच आधारावर उभं आहे. डिस्नेची माणसं नको असलेल्या भिंती-कुंपणांना एक करडट हिरवा रंग देतात, त्याचं त्यांच्यातलं नावच ‘गो अवे ग्रीन’, म्हणजे दूर हो म्हणणारा हिरवा. झाडीसमोर तो चालतो. आकाशासमोर मात्र फिकट निळसर करडा लागतो, कारण हवेतल्या विखुरलेल्या प्रकाशामुळे लांबच्या वस्तू आपल्याला तशाच दिसतात.

टॉवर ऑफ टेररच्या १९९ फूट या आकड्यातही नजरेचा विचार आहे. अमेरिकेत २०० फुटांच्या पुढच्या बांधकामावर साधारणपणे विमानांसाठी इशाऱ्याचे दिवे लावावे लागतात. जुन्या पडक्या हॉटेलचं रूप दिलेल्या या मनोऱ्याच्या माथ्यावर लुकलुकणारा लाल दिवा आला असता, तर सगळा आभास संपला असता.

असे आभास नाजूक असतात. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं तेव्हा त्याभोवती मातीचा बांध घातला होता, आतून बाहेरचं शहर दिसू नये म्हणून. आतला राजवाडा अवघा ७७ फुटांचा. वर जाताना त्याचे दगड आणि खिडक्या लहान लहान होत जातात, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा उंच वाटतो. पण जवळ खऱ्या मापाची मोठी इमारत आली, की डोळ्याला तुलनेला माप मिळतं आणि राजवाडा एकदम खुजा होतो. म्हणून तिथे नवी राइड आणायची, तर आधी आडोसा आणावा लागतो. २०१९ मध्ये उघडलेल्या, ‘स्टार वॉर्स’ या अवकाशकथेवरच्या नव्या भागासाठी नदीचं पात्र आखूड केलं, रेल्वेचा मार्ग वळवला आणि मध्ये कातळ व धबधबे उभे केले. ते काम मला मनापासून आवडतं. लपवण्यासाठी केलेली वस्तू तिथे स्वतःच पाहण्यासारखी झाली.

बांधकामाआधी हे सगळं तपासता येतं. नियोजित उंचीवर फुगा सोडून ठरावीक जागांवरून फोटो काढतात. जमिनीच्या चढउतारांच्या नकाशावरून संगणक सांगतो, की नवी वस्तू कुठून कुठून दिसेल. झाडं पानगळीची असतील, तर हिवाळ्यातही पाहून घ्यावं लागतं, कारण उन्हाळ्यातला घट्ट पडदा हिवाळ्यात जाळी होतो.

पण या पद्धती मोजतात ते नव्याने दिसू लागणाऱ्या वस्तूला. दिसेनासं होणाऱ्या मोकळेपणाला तितक्या काळजीने कोणी मोजत नाही. फ्लोरिडाच्या मॅजिक किंग्डम या डिस्नेच्याच पार्कमध्ये १९७१ पासून एक कृत्रिम नदी होती. जुलै २०२५ मध्ये ती मोटारींच्या नव्या राइडसाठी कायमची बंद झाली. नदी म्हणजे नजरेच्या रेषेखाली राहणारी, काहीही न झाकणारी जागा. तिच्या काठावर गर्दीतून बाहेर पडलेल्या माणसाची नजर थेट पलीकडच्या झाडांपर्यंत जायची. मध्ये आडवं येणारं काहीच नसायचं, फक्त अधूनमधून बेटाच्या वळणावरून पांढरी वाफेची बोट हळूहळू पुढे यायची आणि तिच्या चाकामागे पाण्यातली झाडं थोडा वेळ हलत राहायची.