विरळ हवेतला उतार आणि तापलेले ब्रेक

लेहहून गाडीच्या टपावर सायकली बांधून खार्दुंग ला खिंड गाठायची आणि तिथून सुमारे चाळीस किलोमीटर उतरत पुन्हा लेहला यायचे, असा मुंबईहून गेलेल्या आम्हा चौघा मित्रांचा बेत होता. उतरताना वाटेतली साऊथ पुल्लूची चौकी दिसू लागली, त्या सुमारास आमच्यातल्या एकाने पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर जवळजवळ हँडलला टेकला आणि सायकल थांबण्याऐवजी नुसती मंदावली. हीच सायकल आठवड्यापूर्वी ठाण्याच्या येऊरच्या उतारावर हवी तिथे थांबत होती. मधल्या काळात तिच्या एकाही स्क्रूला कोणी हात लावलेला नव्हता. फरक पडला होता तो भोवतालच्या हवेत.

खिंडीतल्या प्रसिद्ध पाटीवर बरीच वर्षे १८,३८० फूट अशी उंची लिहिलेली होती आणि तिच्यापाशी फोटो काढल्याशिवाय सहसा कोणी परतत नाही. उपग्रहाधारित मोजणीत मात्र ही उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट भरते. पाटीवरचे जादा आठशे फूट सोडून दिले तरी उतार लहान नाही. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे एकूण उतरण १,८५० मीटरच्या आसपास होते. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीच्या माथ्यावरून थेट दादरच्या चौपाटीपर्यंत अखंड उतार असता, तरी तो याहून दोनशे मीटरांनी कमी पडला असता.

स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरले, तर या उंचीमुळे साठलेली स्थितिज ऊर्जा सुमारे १६ लाख जूल होते. नळाचे पाच लिटर पाणी उकळायला जवळपास एवढीच उष्णता लागते. लेहच्या बाजारात सायकल उभी करतो तेव्हा यातले काहीच शिल्लक नसते. थोडी ऊर्जा टायर आणि रस्ता यांच्या घर्षणात जाते, बरीचशी हवा बाजूला सारण्यात जाते आणि उरलेली सगळी ब्रेकच्या वाट्याला येते. त्यामुळे हवेने आपला वाटा कमी उचलला, की ब्रेकचा वाटा आपोआप वाढतो.

खिंडीत हवेचा दाब मुंबईच्या निम्म्याहून जेमतेम जास्त असतो. थंडीमुळे हवा किंचित दाटते, तरीही तिची घनता मुंबईच्या हवेच्या साठ टक्क्यांहून कमीच राहते. अंगावर येणारा हवेचा रोध घनतेच्या प्रमाणात घटतो. म्हणून ब्रेक न लावता त्याच उतारावर सायकल सोडून दिली, तर ती मुंबईतल्यापेक्षा साधारण एक तृतीयांश अधिक वेग घेते. समुद्रकाठी ताशी ३७ किलोमीटरवर स्थिरावणारी सायकल इथे पन्नाशीला पोचते. शिवाय ब्रेक चाकाच्या ज्या पोलादी चकतीला चिमटतो, त्या तापलेल्या डिस्कवरून जाणारी हवाही विरळच असल्याने ती डिस्कची उष्णता कमी प्रमाणात वाहून नेते.

ताशी ५० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबायचे, तर सुमारे ८,७०० जूल गतिज ऊर्जा जिरवावी लागते. दोन्ही डिस्क मिळून तीनशे ग्रॅम पोलादाच्या धरल्या आणि सगळी उष्णता त्यांच्यातच राहिली असे मानले, तर एवढ्याने त्यांचे तापमान साठेक अंशांनी चढते. त्यात बर्फाच्या पाण्याने उखडलेल्या खडीवर एकामागून एक वळणे आली, की डिस्कला निवायला उसंत मिळत नाही. भीतीपोटी सतत ब्रेक धरून ठेवणाऱ्याची अवस्था आणखी वाईट होते, कारण कमी वेगात हवेचा रोध नगण्य असतो. या रस्त्याच्या सरासरी उतारावर ताशी २० किलोमीटरने गेल्यास ऊर्जेचा साधारण दोन तृतीयांश भाग ब्रेकमध्येच जातो आणि मंद वाऱ्यात डिस्क निवतही नाही. वळणाआधी ठामपणे दाबून मग पूर्ण सोडून देण्याची सवय म्हणूनच उपयोगी पडते.

उष्णता डिस्कला घासणाऱ्या पॅडमधून ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये आणि तिथून लिव्हरपासून येणाऱ्या नळीतल्या ब्रेक ऑइलमध्ये उतरते. या ऑइलचे एक काम असे, की दाबले तरी आकुंचन पावायचे नाही. बोटाचा जोर जशाच्या तसा पॅडपर्यंत पोचतो तो याच गुणामुळे. ग्लायकॉलवर आधारलेले डॉट ४ प्रकारचे ऑइल कोरडे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, मात्र ते हवेतली आर्द्रता शोषते आणि पुरेसे ओलसर झाल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. मुंबईचे दोन पावसाळे काढलेल्या ऑइलकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नसतो. खनिज तेल पाणी शोषत नाही, पण त्यात शिरलेले पाणी सर्वांत खालच्या जागी, म्हणजे नेमके कॅलिपरमध्ये, जाऊन बसते. लिव्हर सोडलेला असताना नळीतला दाब बाहेरच्या हवेइतकाच असतो आणि खिंडीतल्या दाबाला पाणी ८२-८३ अंशांनाच उकळते. वाफ झाली, की बोटाचा जोर ती वाफ दाबण्यातच संपतो.

मित्राच्या बाबतीत मला याहून साधे कारण अधिक संभवनीय वाटते. नळीत हवेचा एखादा बुडबुडा राहून गेला असेल, तर बाहेरचा दाब निम्म्यावर येताच तो जवळपास दुप्पट फुगतो. गाडीत आमच्या चिप्सच्या पाकिटांचे फुगे झालेच होते. तेच नळीतही घडत असणार हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. माथ्यावर लिव्हर मऊ लागतो असे तो म्हणाला होता आणि आम्ही ते गारठलेल्या बोटांवर ढकलून मोकळे झालो होतो. लेहमध्ये दोन दिवस विश्रांती घेऊन शरीर सरावले असले, तरी खिंडीत ऑक्सिजनचा आंशिक दाब समुद्रसपाटीच्या निम्माच असतो आणि अशा वेळी सर्वांत आधी ढासळतो तो निर्णय. चार अभियंत्यांना दाब घटला की वायू फुगतो हा बॉइलचा नियम आठवू नये, याचे दुसरे स्पष्टीकरण मला देता येत नाही.

चौकीपाशी त्याने बाटलीतले पाणी डिस्कवर ओतले तेव्हा चुर्र आवाज होऊन पाणी क्षणात नाहीसे झाले आणि जळक्या पॅडचा उग्र वास सुटला. तापलेली डिस्क अशी एकदम थंड केली तर वाकू शकते, म्हणून त्याचा हात धरला. वीस मिनिटे थांबल्यावर लिव्हरला थोडा जोर आला. पुढचा उतार त्याने मागच्या ब्रेकवर, सावकाश पार केला. मुंबईत परतल्यावर मेकॅनिकने नळी उघडली तेव्हा कोऱ्या चहाच्या रंगाचे ऑइल बाहेर आले आणि पारदर्शक नळीतून एकामागून एक तीन बुडबुडे वर सरकताना आम्ही पाहिले.