वळीव कुठून आला?

माण-खटाव भागात वळवाच्या आधी त्याचा फोन येतो. म्हसवडचे पाहुणे सांगतात, "सुरू झाला बघा." मग दहिवडीतून कळतं, त्यानंतर पुसेगावातून. आभाळाकडे न बघताही समजतं, पाऊस पूर्वेकडून सरकतोय. अंतराळातून येणाऱ्या सर्वांत जोरकस कणांची दिशा अशीच काढतात, फक्त तिथला हिशेब सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात चालतो.

27 मे 2021 रोजी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटावर असा एक कण आला. जपानच्या सूर्यदेवतेवरून त्याला अमातेरासू नाव मिळालं. किलोभर गुळाची ढेप पहिल्या मजल्यावरून पडताना जेवढी ऊर्जा घेऊन येते, साधारण तेवढी, म्हणजे 40 ज्यूल, अणूहूनही कितीतरी लहान अशा त्या एकट्या कणात होती!

असा कण स्वतः जमिनीपर्यंत पोचत नाही. उंचावरच्या हवेतल्या अणूवर तो आदळतो, त्यातून निघालेले कण पुढच्या अणूंवर आदळतात आणि खाली कित्येक चौरस किलोमीटरवर कणांची सर कोसळते. अडचण अशी, की अमातेरासूच्या पाव ताकदीचा कणसुद्धा चौरस किलोमीटरमागे शंभर वर्षांत जेमतेम एक येतो. सातारा जिल्हा सुमारे 10,480 चौरस किलोमीटरचा. म्हणजे माणच्या ज्वारीवर, कासच्या सड्यावर, सगळे मिळून असे वर्षाकाठी काही डझन येतच असणार. टिपायला कुणी नाही.

अर्जेंटिनात मालार्ग्वे गावाजवळ मात्र त्यासाठी 3000 चौरस किलोमीटर माळ राखला आहे. पिएर ओजे वेधशाळेच्या 1600हून जास्त टाक्या तिथे दीड-दीड किलोमीटरवर उभ्या आहेत. टाकी म्हणजे खरोखर टाकीच, आपल्या गच्चीवरच्यासारखी प्लास्टिकची. आत 12,000 लिटर अतिशुद्ध पाणी आणि मिट्ट काळोख. पाण्यात प्रकाशाचा वेग पाऊणपट होतो. सरीतला कण त्याहून वेगाने पाण्यात घुसला की निळसर लकाकी उमटते. वरून पाण्यात डोकावणारे तीन प्रकाशसंवेदक ती टिपतात. आधी कोणती टाकी लकाकली, नंतर कोणती, यावरून दिशा मिळते. इतक्या साध्या वस्तूंनी इतकं दुर्मीळ काही पकडता येतं, याचं मला फार अप्रूप आहे.

अमातेरासूची वाट मागे नेली, तर ती अशा पोकळीकडे जाते, जिथे दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, जवळजवळ नाहीतच. तो फार लांबचा म्हणावा, तर तेही जमत नाही. महास्फोटानंतर विश्वभर उरलेल्या सूक्ष्मलहरींशी टकरा घेत एवढी ऊर्जा काही कोटी प्रकाशवर्षांतच झिजते. कदाचित वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांनी त्याला वळवलं असेल. असा कण साधा प्रोटॉन असू शकतो किंवा लोखंडासारखं जड अणुकेंद्र. लोखंडाच्या अणुकेंद्रावर प्रोटॉनच्या 26 पट विद्युतभार असतो, त्यामुळे ऊर्जा तितकीच असली तरी ते जास्त वळतं. म्हणून ओजे वेधशाळेने आता टाक्यांच्या माथ्यावर कण लागताच चमकणाऱ्या प्लास्टिकचे सपाट थर बसवले आहेत. वरची नोंद आणि पाण्यातली नोंद ताडून सरीत म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, किती होते ते काढतात. म्यूऑन जास्त निघाले, तर आलेला कण जड होता.