युद्धाच्या बातम्या आणि नाशिक

देवळालीत तोफखान्याचं स्कूल, ओझरला आधी मिग, मग सुखोई लढाऊ विमानं बांधणारा एचएएलचा कारखाना. तरी शेजाऱ्याशी खरोखर भडका उडाला की सीमेवर काय चाललंय, हे नाशिककरांनाही बातम्यांवरूनच कळतं.

१९६२ मध्ये त्यासाठी आकाशवाणी आणि वर्तमानपत्रं होती. चीनने २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, त्याच सुमारास यशवंतराव चव्हाणांनी संरक्षण खातं हाती घेतलं. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य घरोघरी पोचलं. लढाई तोवर थांबली होती. पण महाराष्ट्रात पराभवाच्या तपशिलापेक्षा वाक्यच टिकलं. पुढच्या वर्षी चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले.

कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, बोफोर्स तोफा थेट टीव्हीवर धडाडल्या. आपल्या सरकारने केबलवरून पाकिस्तानचा सरकारी पीटीव्ही बंद केला. तिकडे लढणारे पाकिस्तानी सैनिक नाहीतच, असं पाकिस्तान सरकार तिथल्या लोकांना सांगत होतं. एकाच डोंगरावरची दोन वेगळी युद्धं.

नाशिकला सर्वांत जवळून भिडलं ते २०१९. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारीला, काश्मीरमध्ये बडगामला हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. हवाई दलाचे सहा जण आणि एक स्थानिक नागरिक गेले. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. सुरुवातीच्या बातम्यांत तांत्रिक बिघाडाची शक्यता होती. शिवाय त्याच दिवशी विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानच्या हाती लागले होते, त्यामुळे देशभरच्या चॅनेलांवर बडगाम मागेच पडलं. मे महिन्यात लोकसभेचा निकाल लागला. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ही आपली मोठी चूक होती, हे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे मान्य केलं ते ऑक्टोबरमध्ये. एव्हाना चॅनेलांवरच्या युद्धचर्चा कधीच विरल्या होत्या. माझ्या मते युद्धाबद्दलचं मत पहिल्या दोन दिवसांत बनतं, आणि खुलासा येतो तेव्हा ते बदलायला कोणी बसलेलं नसतं.

मे २०२५ मध्ये तर काही चॅनेलांनी रातोरात कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं. तसं काही घडलेलं नव्हतं. ७ मेच्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत नाशिक, सिन्नर, मनमाड होतं. त्यानंतर तीनच दिवसांत केंद्राला चॅनेलांना सांगावं लागलं, की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नका; सतत ऐकून सवय झाली तर खरा भोंगाही लोकांना टीव्हीतलाच वाटेल.