करड्यातला रंग आवरताना: इंकजेटवरच्या कृष्णधवल छपाईची पार्श्वभूमी

कृष्णधवल प्रिंट निव्वळ काळी-पांढरी कधीच नव्हती. डार्करूममध्ये ब्रोमाइड कागद थंड काळ्याकडे झुके, क्लोरोब्रोमाइड कागद उबदार तपकिरीकडे, आणि डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारं रसायन) बदलला की झाक थोडी सरके. त्यावर टोनिंग, म्हणजे रसायनाने झाक बदलणं, असायचं: सल्फाइडने सेपिया (तपकिरी), सेलेनियमने गडद भागाला किंचित जांभळट खोली. या सगळ्यात एक सोय होती. पूर्ण प्रतिमा एकाच पदार्थाची, चांदीच्या कणांची, बनलेली असे. त्यामुळे फिकट करडा आणि गडद काळा सहसा एकाच कुळातले दिसत.

इंकजेटने ही सोय काढून घेतली. रंगीत छपाईसाठी बनवलेल्या प्रिंटरकडे काळी शाई एकच असायची आणि तीही पूर्ण गडद. ती वापरून फिकट करडा काढायचा, तर पांढऱ्या कागदावर काळे ठिपके विरळ टाकावे लागतात, आणि ते आकाशात किंवा गालावर वाळूसारखे उठून दिसतात. म्हणून प्रिंटरचे ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) करडा रंग सायन (निळसर), मजेंटा (गुलाबीसर) आणि पिवळा यांच्या मिश्रणातून काढत. ठिपके लपले, पण नवं दुखणं सुरू झालं. तीन शायांचा तोल किंचित जरी ढळला तरी चित्र हिरवं, गुलाबी किंवा तपकिरी होतं. रंगीत फोटोत एवढी चूक खपून जाते. कृष्णधवलमध्ये लक्ष विचलित करायला दुसरा रंगच नसतो, त्यामुळे डोळा ती लगेच पकडतो. शिवाय हा तोल उजळ भागात एक, मधल्या छटांत दुसरा आणि सावलीत तिसराच असतो.

कलात्मक इंकजेट छपाईच्या सुरुवातीच्या कामांतलं एक मोठं काम कृष्णधवलच होतं. संगीतकार ग्रॅहम नॅश यांनी काढलेली व्यक्तिचित्रं १९९० मध्ये आयरिस प्रिंटरवर जलरंगाच्या कागदावर छापली गेली. हे यंत्र मुळात छापखान्याचे प्रूफ (छपाईआधीचे नमुने) काढण्यासाठी होतं. नॅश यांनी त्याच वर्षी १,२६,००० डॉलरना आयरिस ३०४७ घेतला आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे नॅश एडिशन्स सुरू केलं. प्रिंट देखण्या होत्या, पण शाई डाय जातीची (विरघळलेल्या रंगाची) असल्याने उजेडात लवकर विटत असे. आणि तीन डाय एकाच वेगाने विटत नाहीत, त्यामुळे राखाडी चित्राला काही वर्षांनी भलताच रंग चढायचा.

यातून सुटायची वाट ऑफसेट छपाईच्या जगात आधीच होती. छायाचित्रांची चांगली पुस्तकं एका काळ्या शाईवर भागत नसत; दोन, तीन, कधी चार काळ्या-करड्या शाया एकावर एक छापून खोली आणली जाई. ड्युओटोन आणि क्वाडटोन ही नावं तिथलीच. व्हरमाँटमधले मुद्रक जॉन कोन यांनी हाच विचार इंकजेटवर आणला: रंगीत शाया काढा आणि त्यांच्या जागी वेगवेगळ्या पातळीच्या करड्या शाया भरा. आधी आयरिसवर असे प्रयोग झाले. २००० मध्ये त्यांची पिझोग्राफी ही पद्धत एप्सनच्या टेबलावरच्या प्रिंटरसाठी आली. फिकट भागात आता फिकटच शाई पडत होती. ठिपका दिसेनासा झाला आणि छटांच्या पायऱ्या विलक्षण सलग झाल्या. माझ्या मते या माध्यमाला डार्करूमच्या शेजारी बसवण्याचं श्रेय कुठल्याही मोठ्या कंपनीआधी कोन यांच्यासारख्या मुद्रकांना जातं.

याची किंमतही तशीच मोजावी लागे. करड्या शाया भरलेला प्रिंटर रंगीत कामाला निकामी होई, नोझल तुंबत, आणि झाक बाटलीतच ठरलेली असे. उबदार हवी तर एक संच, थंड हवी तर दुसरा.

२००० मध्येच एप्सनने स्टायलस फोटो २०००पी हा पिग्मेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाईचा प्रिंटर आणला. टिकाऊपणाचा प्रश्न बराच सुटला, पण कृष्णधवलवाल्यांची निराशा झाली. दिव्याच्या उजेडात ठीक दिसणारी प्रिंट खिडकीशी नेली की हिरवट व्हायची. रंगीत शायांतून बनलेला करडा प्रकाशातल्या सगळ्या तरंगलांबी सारख्या शोषत नाही. त्याच्या शोषणात उंचवटे-खळगे असतात, म्हणून प्रकाशाचा स्रोत बदलला की त्याचा रंगही बदलतो. काळ्या शाईतल्या कार्बनचं शोषण त्या मानाने सपाट असतं.

मग निव्वळ कार्बनच का वापरू नये? हा प्रश्नही जुनाच. जोसेफ स्वॉन यांच्या १८६४ च्या पेटंटने कार्बन प्रिंटची पद्धत व्यवहारात आणली, ती रंगद्रव्य विटत नाही याच कारणासाठी. अडचण अशी की बारीक दळलेला आणि पातळ केलेला कार्बन तटस्थ नसतो, तपकिरीकडे झुकतो. कागद आणि शाईनुसार हा झुकाव कमी-जास्त होतो. तटस्थ करडा हवा असेल तर त्यात निळसर रंगद्रव्य मिसळावंच लागतं. म्हणजे ज्या रंगीत शायांना बाहेर काढायला एवढा खटाटोप केला, त्यांनाच चमचाभर परत बोलवायचं. इथपासून झाकेचा प्रश्न मात्रेचा झाला: रंग किती कमीत कमी वापरून भागेल?

या मात्रेवर हात बसवण्याचं काम एका माणसाच्या सॉफ्टवेअरने केलं. रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोन रिप प्रिंटरच्या ड्रायव्हरला बाजूला सारून प्रत्येक शाईचा नळ थेट वापरणाऱ्याच्या हातात देतं. कुठली शाई कुठल्या छटेपासून सुरू व्हावी, कमाल किती पडावी, हे आपण ठरवायचं. मग २१ पायऱ्यांची पट्टी छापायची, स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजणाऱ्या यंत्राने) मोजायची आणि त्या मोजमापावरून पायऱ्या एकसमान करून घ्यायच्या. उबदार आणि थंड असे दोन वक्र (कुठल्या छटेला कुठली शाई किती, याच्या मांडण्या) तयार असले की उजळ भाग, मधल्या छटा आणि सावल्या यांत त्यांचं प्रमाण वेगवेगळं ठेवता येतं. उबदार उजेड आणि थंड सावली असा दुहेरी टोन, जो डार्करूममध्ये घड्याळ लावून पकडावा लागे, तो इथे सरकपट्टीवर आला.

कंपन्यांनी इशारा ओळखला होता. २००२ च्या स्टायलस फोटो २२०० मध्ये एक फिकट काळी शाई आली होती. २००५ मध्ये एप्सनच्या के३ शाया आल्या: काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी. त्यांच्याबरोबर ड्रायव्हरमध्येच कृष्णधवलचा वेगळा मोड आला. त्यात चित्राचा सगळा भार तीन काळ्यांवर असतो आणि रंगीत शाया झाकेपुरत्या डोकावतात. तटस्थ, थंड, उबदार, सेपिया असे पर्याय, नाहीतर रंगचक्रावर बिंदू सरकवून हवी ती झाक. जाणकारांनी नाकं मुरडली, कारण हा मोड नेहमीच्या रंगप्रोफाइलच्या (प्रिंटर आणि कागदानुसार रंग जुळवणाऱ्या फाइलच्या) वाटेने जात नाही. पण बहुतेकांचा प्रश्न त्या दिवशी मिटला. पुढच्या वर्षी एचपीच्या झेड३१०० मध्ये चार काळ्या-करड्या शाया आणि आतच बसवलेला स्पेक्ट्रोफोटोमीटर आला. कॅननही करड्या शाया वाढवत गेला.

कागदाची कथा उशिरा जुळली. सुती मॅट कागदावर पिग्मेंट काळा साधारण १.६-१.७ घनतेवर (काळेपणाच्या मापावर) अडतो. चकचकीत कागदावर तो २ च्या वर जातो, पण तिथे तिरक्या उजेडात शाई तांब्यासारखी चमकायची. २००७ च्या सुमारास बेरियम सल्फेटचा थर असलेले बॅरायटा इंकजेट कागद बाजारात आले आणि डार्करूमच्या फायबर कागदाचा पोत परत मिळाला. यातल्या काही कागदांत शुभ्रता वाढवणारी चमकद्रव्यं असतात. ती अतिनील प्रकाशात निळसर उजळतात, त्यामुळे तीच शाई खिडकीशी थंड वाटते आणि अतिनील गाळणाऱ्या काचेमागे उबदार. ही द्रव्यं काळानुसार क्षीण होतात आणि कागद पिवळसर दिसू लागतो. कार्बनशेजारची थोडी रंगद्रव्यंही कार्बनच्या आधी विटतात. म्हणून कृष्णधवल प्रिंटच्या टिकाऊपणाच्या चाचणीत काळा किती फिकट झाला याच्या जोडीने करडा कुठल्या रंगाकडे सरकला हेही मोजतात.