वीस मिनिटांची तीस मिनिटे

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्याला माहीत आहे ते बॉक्सिंग डे कसोटीमुळे. पण मार्च ते सप्टेंबर हे मैदान क्रिकेटचे नसतेच. ते ‘फूटी’चे, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे असते. हा खेळ क्रिकेटच्याच पोटी जन्मला. टॉम विल्स या क्रिकेटपटूने जुलै १८५८ मध्ये एका वृत्तपत्राला पत्र लिहिले: हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे आखडू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्या मे महिन्यात नियम कागदावर उतरले. मैदान लंबगोल आहे तेही क्रिकेटमुळेच. आणि सामना किती वेळ चालावा हा वाद तर नियमांहूनही जुना. ऑगस्ट १८५८ मध्ये मेलबर्नच्या दोन शाळांमधला सामना तीन वेगवेगळ्या शनिवारी खेळला गेला आणि एक-एक गोल होऊन बरोबरीत सुटला.

आज एएफएल या मुख्य स्पर्धेचे प्रेक्षक दोन गोष्टींवरून हुज्जत घालतात: सामना फार लांबतो, आणि वेळापत्रक न्याय्य नाही. पहिल्या तक्रारीवर आवाज जास्त चढतो. आकडे मांडले तर जोर दुसरीत जास्त आहे.

आधी घड्याळ. सामन्यात चार क्वार्टर, प्रत्येकी २० मिनिटांचे. हा आकडा १९९४ पासूनचा. त्याआधी २५ होता. पण ही वीस मिनिटे फक्त चेंडू खेळात असतानाची. गोल झाला, चेंडू सीमेबाहेर गेला, चेंडू खाली अडकून पडला आणि पंचाने तो पुन्हा उंच उडवायचे ठरवले, कोणी जखमी झाले, कोणाच्या अंगावर रक्त दिसले, की घड्याळ थांबते. या थांबलेल्या वेळेला ‘टाइम-ऑन’ म्हणतात. ती दर क्वार्टरला आठ ते बारा मिनिटे भरते, म्हणून वीस मिनिटांचा क्वार्टर अठ्ठावीस ते बत्तीस मिनिटांनी संपतो. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर सहा-सहा मिनिटांची विश्रांती, मध्यंतर वीस मिनिटांचे. दुपारी अडीचला सुरू झालेला सामना पाचच्या आसपास आटोपतो.

यातली सर्वांत मोठी गळती गोलनंतर होते. चेंडू मैदानाच्या मधोमध परत येईपर्यंत साधारण पाऊण मिनिट जाते आणि नेमकी त्यातच दूरचित्रवाणीची जाहिरात बसते. सामन्यात दोन्ही संघांचे मिळून चोवीस गोल धरले तर अठरा मिनिटे. २०२५ ते २०३१ या काळाच्या प्रक्षेपण हक्कांची किंमत साडेचार अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. ही अठरा मिनिटे त्या किमतीचा भाग आहेत. सामना आटोपशीर करायचा तर कात्री इथे लावायला हवी, हे उघड आहे. ती लागत का नाही, हेही तितकेच उघड आहे.

घड्याळ थांबत-चालत असल्यामुळे क्वार्टर नेमका कधी संपणार हे खेळाडूला मैदानात कळत नाही. तो सायरनने संपतो, आणि नियमाने पंचाला सायरन ऐकू यावा लागतो. एप्रिल २००६ मध्ये लॉन्सेस्टनला फ्रीमँटल विरुद्ध सेंट किल्डा सामन्यात सायरन वाजला, पण पंचांना तो ऐकू आला नाही. खेळ काही सेकंद पुढे चालला आणि सेंट किल्डाने बरोबरी साधली. काही दिवसांनी निकाल बदलून फ्रीमँटलला एका गुणाने विजयी ठरवण्यात आले (गोलला सहा गुण, थोडक्यात हुकलेल्या फटक्याला एक). दोष ध्वनीच्या वेगाचा नव्हता. दीडशे मीटर जायला ध्वनीला अर्धा सेकंदही लागत नाही. एवढ्या गोंगाटात सायरनचा आवाज पुरेसा मोठा नव्हता, इतकेच.

क्वार्टर खरोखर लहान केला तर काय होते, याचा प्रयोग २०२० मध्ये करोनाने करवून घेतला. क्वार्टर १६ मिनिटांवर आला, प्रत्येक संघाचे सामने २२ वरून १७ झाले, आणि मधल्या एका टप्प्यात २० दिवसांत ३३ सामने उरकण्यात आले. वेळ वीस टक्क्यांनी घटला. गुण त्याहून जास्त घटले: आदल्या वर्षी एका संघाची सामन्यामागे सरासरी ८० च्या आसपास होती, ती ६० च्या आसपास उतरली. त्या मोसमात बरेच काही एकदम बदलले होते, म्हणून सगळे खापर क्वार्टरवर फोडता येत नाही. तरी एक कारण बहुतेक प्रशिक्षक सांगतात: न दमलेले खेळाडू चेंडूभोवती गर्दी करतात. मधल्या फळीचा खेळाडू सामन्यात बारा-तेरा किलोमीटर किंवा त्याहून जास्त धावतो. शेवटच्या क्वार्टरमध्ये पाय जड झाले की मैदानात मोकळ्या जागा पडतात आणि गोल होतात. राखीव खेळाडूंच्या अदलाबदलीवर मर्यादा घालण्यामागेही हाच हिशेब आहे. २०१४ मध्ये एका संघाला सामन्यात १२० अदलाबदली, २०१६ मध्ये ९०, २०२१ मध्ये ७५. थकवा हा या खेळाचा कच्चा माल आहे, आणि नियम करणाऱ्यांना तो पुरेसा लागतो. २०२१ मध्ये २० मिनिटे परत आली.

लहान सामन्यात नशीब जास्त चालते, असाही आक्षेप असतो. तो बरोबर आहे, पण किती? सरस संघाची आघाडी वेळेच्या प्रमाणात वाढते, तर नशिबाचा चढउतार वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे सामना लहान झाला की आघाडी चढउतारापेक्षा वेगाने घटते. समजा एक संघ पूर्ण सामन्यात सरासरी २० गुणांनी सरस आहे आणि निकालाच्या फरकाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, ३६ गुण आहे. या खेळासाठी हा आकडा वाजवी आहे. मग त्याच्या विजयाची शक्यता सुमारे ७१ टक्के. सामना वीस टक्क्यांनी छोटा केला, तर आघाडी १६ आणि विचलन ३२. शक्यता ६९ टक्के. २३ सामन्यांच्या मोसमात फरक अर्ध्या विजयाचा. क्वार्टर १६ मिनिटांचा करावा की २० चा, या वादाचे वजन एवढेच.

आता हेच गणित वेळापत्रकाला लावू. संघ अठरा. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे तर ३४ सामने लागतात, आणि एवढी धडकाधडकी शरीर सोसत नाही. म्हणून २०२३ पासून प्रत्येकी २३ सामने: सतरा प्रतिस्पर्ध्यांशी एकदा, त्यांपैकी सहांशी पुन्हा. हे सहा कोण, यात सगळी मेख आहे. आदल्या मोसमाच्या क्रमवारीचे सहा-सहांचे तीन गट करून समतोल साधायचा प्रयत्न होतो. पण मेलबर्नमधल्या जुन्या वैऱ्यांच्या लढती, पर्थ आणि ॲडलेडमधल्या शेजाऱ्यांच्या लढती दोनदा हव्यातच, कारण त्यांना गर्दी होते. शिवाय गेल्या वर्षीचा दुबळा संघ यंदा दुबळा असेलच असे नाही. आपल्याइतक्याच ताकदीच्या संघाशी जिंकण्याची शक्यता ५० टक्के. ३० गुणांनी दुबळ्या संघाशी ८०. सहाही जादा सामन्यांत हा फरक पडला तर १.८ विजय, म्हणजे विजयाला चार या हिशेबाने क्रमवारीतले सात गुण. हे टोकाचे उदाहरण झाले. याचा एक तृतीयांश धरला तरी तो क्वार्टरच्या वादापेक्षा भारी भरतो. आणि एवढ्यावर मोसम फिरतो: २०१७ मध्ये वेस्ट कोस्ट आणि मेलबर्न दोघांचे ४८ गुण झाले. केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या टक्केवारीत वेस्ट कोस्ट अर्ध्या टक्क्याने पुढे होता, म्हणून बाद फेरीतली आठवी आणि शेवटची जागा त्याला मिळाली. मेलबर्न बाद.

वेळापत्रकातली दुसरी गोम म्हणजे दोन सामन्यांमधले दिवस. रविवारी खेळून शुक्रवारी पुन्हा उतरणे याला ‘पाच दिवसांचा ब्रेक’ म्हणतात. दूरचित्रवाणीला गुरुवार-शुक्रवारची रात्र प्रिय, त्यामुळे असे ब्रेक टळत नाहीत.

शरीराचे वेळापत्रक मात्र ठरलेले. स्नायूंतले ग्लायकोजेन हे इंधन एक-दोन दिवसांत भरते, पण त्यासाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ७ ते १० ग्रॅम कर्बोदके लागतात. ८५ किलोच्या खेळाडूला सहाशे ते साडेआठशे ग्रॅम. दोन-तीन ताटे भाताने हे भागत नाही. त्यात टकरींनी स्नायूंचे तंतू दुखावलेले असले तर इंधन आणखी हळू भरते. उडीची ताकद पूर्ववत व्हायला दोन ते चार दिवस जातात. रात्रीचा सामना दहाला संपतो आणि झोपेचे खोबरे होते: सातला घेतलेल्या २५० मिलिग्रॅम कॅफिनपैकी अर्धे मध्यरात्रीही रक्तात फिरत असते. संघ पर्थमध्ये खेळून मेलबर्नला परतत असेल तर वर सुमारे २,७०० किलोमीटरचे विमान, आणि घड्याळ दोन तास पुढे.

सात दिवस हाती असले तर आठवडा असा लागतो: पहिला दिवस पोहणे, मालिश आणि चित्रफिती, दुसरा हलका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुख्य सराव, मग सुट्टी, आदल्या दिवशी थोडी धावाधाव. पाच दिवसांत यातला मुख्य सरावच गळतो. तोटा लगेच दिसत नाही. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग स्नायू, ज्याचे फाटणे ही या खेळातली सर्वांत नेहमीची दुखापत, वेगाने धावताना पाऊल टेकायच्या अगदी आधी ताणात असतो. पूर्ण वेगाची धाव सरावात झालीच नाही, तर हा स्नायू तो ताण थेट सामन्यातच झेलतो.

डोक्याला मार लागला असेल तर हिशेब विचित्र होतो. २०२१ पासून मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूला किमान १२ दिवस खेळता येत नाही. शनिवारी हादरा बसला आणि पुढचा आठवडा संघाच्या सुट्टीचा, म्हणजे ‘बाय’चा असेल, तर पुढचा सामना चौदाव्या दिवशी, एकही सामना बुडत नाही. रविवारी हादरा बसला, पुढचे सामने शुक्रवारी आणि त्यापुढच्या गुरुवारी असतील, तर पाचवा दिवस आणि अकरावा दिवस. दोन सामने गेले. दुखापत तीच, मेंदू तोच, शिक्षा वेळापत्रकाची. उपांत्य सामन्यात हादरा बसला तर आठवड्यावर आलेली ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना, हुकलीच. २०२१ मध्ये मधे एक रिकामा आठवडा ठेवला होता, त्यामुळे असा खेळाडू निदान नियमाने तरी बसू शकला असता. ती पद्धत कायम ठेवायला हवी होती.

ग्रँड फायनल दुपारी अडीचला की संध्याकाळी, या वादात प्रेक्षक परंपरा काढतात. दव कोणी काढत नाही. सप्टेंबरअखेरीस मेलबर्नला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. आकाश निरभ्र असले की गवत उष्णता भराभर सोडते, त्याचे तापमान दवबिंदूच्या खाली जाते, आणि कातडी चेंडू साबणासारखा निसटू लागतो. साडेचारला सुरू केलेल्या सामन्याचा शेवटचा क्वार्टर बरोबर त्या वेळेत येतो.

२०२८ मध्ये टास्मानियाचा संघ येईल आणि संघ एकोणीस होतील. तेव्हा २३ सामन्यांचा मोसम मांडताच येणार नाही: १९ गुणिले २३ म्हणजे ४३७, आणि एका सामन्याला दोन संघ लागतात. ४३७ विषम आहे. म्हणजे प्रत्येकी २२ सामने, नाहीतर २४. दर आठवड्याला एक संघ घरी बसणार, म्हणून जास्तीत जास्त नऊ सामने होणार. २२ धरले तर किमान २४ आठवडे, २४ धरले तर २६. सतरा सामने झाल्यावर सहा-सहांचे तीन गट पाडून उरलेले पाच सामने गटातच खेळवावेत, ही वर्षानुवर्षे चघळलेली सूचनाही बारगळते. एकोणिसाला तिनाने भाग जात नाही.