इलिश तेलकट, म्हणून हृदयाला वाईट?

‘इलिश फार तेलकट, कोलेस्टेरॉल वाढवतो, हृदयाचा विकार असेल तर हातही लावू नका.’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात माशाचे तेल आणि तूप एकाच मापाने मोजले आहे.

इलिश, म्हणजे आपल्याकडचा पाला मासा, बंगालच्या उपसागरातून पद्मा, मेघना, गंगेच्या प्रवाहाविरुद्ध अंडी घालायला वर चढतो. त्या प्रवासाची शिदोरी म्हणजे त्याच्या अंगातली चरबी. तिच्यात ओमेगा-३ मेदाम्ले असतात, जी रक्तातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी, कमी करायला मदत करतात. तूप-लोण्यात असते तशी संपृक्त चरबीही बरीच असते, हे लपवायचे कारण नाही. त्यामुळे रोज ताटभर खायचा हा मासा नव्हे. पण आठवड्यातून एखाद-दोन तुकड्यांची धास्ती निरोगी माणसाने बाळगू नये. ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितले आहे, त्यांनी ते पाळावेच.

खरा फरक पडतो स्वयंपाकात. बंगाली घरात इलिशला कांदा-लसूण बहुधा लावतच नाहीत. त्याचा स्वतःचा वास झाकला जाऊ नये म्हणून. कलौंजी, हिरवी मिरची, हळद, एवढ्यावर झोल, म्हणजे पातळ रस्सा, होतो. ‘भापा’मध्ये वाटलेली मोहरी लावून तो वाफवतात. तळताना सुटलेले तेलसुद्धा टाकत नाहीत, गरम भातावर मीठ-मिरचीसोबत पहिल्या घासाला घेतात. मला विचाराल तर वाफवलेलाच उत्तम: चव जपली जाते आणि वरून तेलही कमी लागते.

काटे मात्र असंख्य. सावकाश, बोटांनीच खावा.