कॅलिफोर्नियात डर्ट बाईकच्या वाटा का आटल्या

कॅलिफोर्नियात वापरलेली डर्ट बाईक, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची मोटरसायकल, घ्यायची तर टाकी उघडण्याआधी चेसिस नंबर वाचा. सतरा अक्षर-अंकांपैकी आठव्या जागी, 2003 किंवा नंतरच्या मॉडेलवर, ‘सी’ किंवा ‘3’ असेल तर ती स्पर्धेची गाडी: राज्याच्या धुराच्या मर्यादेत न बसणारी.

सुरुवात अशी नव्हती. 1971च्या राज्य कायद्याने डर्ट बाईक्सची नोंदणी सुरू केली ती त्यांना जागा मिळावी म्हणून. नोंदणीच्या पैशातून खास रायडिंगसाठी मैदानं उभी राहिली. हॉलिस्टर हिल्स त्यांतलं सुरुवातीचं. पण 1972 साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला, की सरकारी जमिनीवर गाडी कुठे चालेल आणि कुठे नाही हे प्रत्येक खात्याने ठरवावं. माती, झाडझाडोरा आणि वन्यजीवांना मोठी हानी होत असेल तिथे लगेच बंदी घाला, ही भर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1977 मध्ये घातली.

तरी बऱ्याच जंगलांत ‘बंद म्हटलं नाही म्हणजे खुलं’ हाच रिवाज राहिला. तो 2005च्या वनखात्याच्या नियमाने उलटा केला: खात्याच्या नकाशावर आहे तेवढंच खुलं, बाकी सगळं बंद. हा नकाशा फुकट मिळतो, पण रायडर हमखास चुकतो तो इथेच. वाटेवर चाकांच्या ताज्या खुणा आहेत, ‘प्रवेश बंद’ची पाटी नाही, म्हणून तो आत शिरतो. पाटी नसणं ही सबब चालत नाही. नकाशात ती वाट नसेल तर दंड होतो. वर्षानुवर्षं वापरातल्या कित्येक वाटा कुणी नोंदवल्याच नव्हत्या, त्या अशा कागदावरूनच गेल्या. आमच्या मते सर्वात मोठं नुकसान हेच.

क्लियर क्रीक या कॅलिफोर्नियातल्याच रायडिंगच्या भागाची गोष्ट वेगळी. तिथल्या मातीतच अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे कर्करोगाला कारण ठरणारं तंतुमय खनिज, आहे आणि पुढच्या गाडीने उडवलेली धूळ मागच्याच्या छातीत जाते. 1 मे 2008 ला तो भाग बंद झाला. रायडरना ते फार लागलं, पण ही बंदी रास्तच होती.

आता नोंदणीचं स्टिकर. स्पर्धेच्या बऱ्याच गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं तोंड, उघडं असतानाच ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येतं, आणि त्यातलं काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे बाहेर पडतं. उन्हाळ्यात त्यापासून जमिनीलगत श्वासाला घातक असा ओझोन तयार होतो. म्हणून मर्यादेतल्या गाड्यांना हिरवं स्टिकर आणि बारा महिने मुभा. स्पर्धेच्या गाड्यांना लाल, आणि ज्या भागांत ओझोनचा त्रास तिथे ठरलेल्या महिन्यांतच रायडिंग. स्पर्धेच्या फोर-स्ट्रोक गाड्याही लाल स्टिकरातच आल्या.

स्टिकर हिरवं असलं तरी आवाज मोजला जातोच. माईक सायलेन्सरच्या तोंडापासून 20 इंचांवर, 45 अंशांच्या कोनात. 1986 पासूनच्या गाडीला मर्यादा 96 डेसिबल. सायलेन्सरच्या आतलं फायबरचं पॅकिंग जळलं की चांगली गाडीही नापास होते, तेव्हा ते वेळेत बदला. ठिणगीरोधक जाळीही लागते. स्पर्धेच्या गाड्यांना ती बहुधा कंपनीतून येत नाही.

लाल स्टिकरवरची महिन्यांची अट पुढे उठली. पण 2022 मॉडेलपासून स्पर्धेच्या गाडीला लालही नाही, हिरवंही नाही. शोरूममध्ये ती आजही मिळते; चालवायची मात्र बंदिस्त ट्रॅकवरच.